कोरोनात गरीब वस्त्यांमध्ये लसीकरण मागे का राहिलं? लोकांचं अज्ञान, की आणखी काही?

माझं पुण्यात एका वस्तीच्या तोंडाशी झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. तुम्ही विचारलंय की लोक अडाणी होते म्हणून असं झालं का. अफवा होत्या, भीतीही होती, ते नाकारत नाही. पण माझ्या दुकानात आलेल्या बहुतेकांना लस हवी होती. ती त्यांच्या हाताला लागत नव्हती.

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांना लस सुरू झाली, तीही कोविन या सरकारी साइटवर आधी नोंदणी केली तरच. साइट तेव्हा इंग्रजीत होती, मराठी जूनमध्ये आली. स्लॉट उघडला की दोन मिनिटांत संपायचा. आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याने माझ्याकडून चार-पाच वेळा प्रयत्न करून घेतला, एकदाही लागला नाही. भरदुपारी तो भिंत रंगवणार की फोनकडे बघत बसणार? त्याच दिवसांत शहरातली मंडळी गाडी काढून लांबच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रावर लस घेऊन येत होती आणि तिथले गावकरी तसेच राहत होते. २४ मेला सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणीची परवानगी मिळाली खरी, पण मग टोकनसाठी पहाटेपासून रांग. जूनपासून खासगीत कोविशिल्डचा डोस ७८० रुपयांना होता. ते वस्तीत कुणाला परवडणार!

धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी दुसऱ्या डोससाठी आल्या. पहिल्याची नोंद मालकीणबाईंच्या नंबरवर, त्यामुळे ओटीपी तिकडे जायचा आणि बाई गावी गेलेल्या. मी फोन लावला, त्यांनी आकडे वाचून दाखवले, तोवर मुदत संपली. दुसऱ्या खेपेला जमलं. स्लॉट मिळाला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी अकराचा. मावशी म्हणाल्या, "सुईचं काही नाही रे दादा, ताप आला तर दोन खाडे पडतील, त्याचं काय?" याला कुणी अज्ञान म्हणालं की मला फार लागतं.

अमेरिकेत सीडीसी ही सरकारी संस्था सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक काढते. उत्पन्न, शिक्षण, घरात म्हातारी माणसं आणि मुलं किती, भाषा येते का, घरात दाटी किती, गाडी आहे का, असं सगळं त्यात धरतात. १ मार्च २०२१ पर्यंत तिथल्या कमी असुरक्षित काउंटींमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांमध्ये, १५.८ टक्के लोकांना किमान एक डोस मिळाला होता, जास्त असुरक्षित काउंटींमध्ये १३.९ टक्के. पण ॲरिझोना आणि मॉन्टाना या राज्यांत उलटं घडलं, असुरक्षित भागच पुढे होते. गरिबी तिथेही होतीच. म्हणून मी लोकांना दोष द्यायच्या आधी लस कुठे, किती वाजता आणि कुणाच्या सोयीने दिली ते बघतो.

नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' मोहीम निघाली, तेव्हा आमच्या वस्तीतही शिबिर लागलं. शनिवारी संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर. मंडळाच्या शेडमध्ये दोन टेबलं आणि लसीचा निळा डबा. आशाताई दारोदार जाऊन नावानिशी हाका मारत होत्या. आधार कार्ड दाखवलं की नोंद तिथेच होत होती. रंगारी रंगाचे हात न धुताच येऊन उभा राहिला, मागे त्याची बायको. दुसऱ्या दिवशी रविवार होता, ताप आला असता तरी खाडा पडणार नव्हता.