केबल बदला, पण 35 भाग मोजून नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अँप्लिफायर आणि दोन स्पीकर मिळून संचाची किंमत 100 धरली, तर दुकानदाराने सुचवलेल्या स्पीकर केबलची किंमत 35 होते. छंदासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत त्यातले 20 आहेत, उरलेले 15 बारा हप्त्यांत फेडायचे. अडीअडचणीसाठीची शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चाइतकी आहे. दुकानातली केबल घरी लावून ऐकलीत तेव्हा फरक स्पष्ट जाणवला, म्हणून घ्यावी का, असं तुम्ही विचारता. तिच्यात चांदी आहे, तांबं ऑक्सिजनमुक्त आहे, ती बाणाच्या दिशेनेच लावायची आणि तिने डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरच्या पडद्यावरचा अँप्लिफायरचा ताबा, सुधारतो, असं दुकानदार सांगतो. साधी तांब्याची जाड केबलही मिळते आणि पूर्ण लांबीला तिची किंमत जेमतेम 1 पडते, हेही तुम्हीच कळवलं आहे.

तुम्हाला जाणवलेला फरक खरा असण्याची शक्यता मोठी आहे. घरातले लोक "कानाचे भास" म्हणत असतील तर ते इथे चुकतात. मात्र त्या फरकाचं श्रेय भलत्या गोष्टीला गेलं आहे, आणि तुमचा सगळा निर्णय त्यावरच उभा आहे.

तुमची आत्ताची केबल 0.5 चौरस मिलिमीटरची, स्पीकर 6 ओहमचे, अंतर 6 मीटर. ओहम हे रोधाचं, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं, माप. 1 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.017 ओहम असतो. जाडी निम्मी झाली की रोध दुप्पट. करंट जाऊन परत येतो, म्हणून 6 मीटरचे 12 धरायचे. हिशेब होतो 0.41 ओहम. आता स्पीकरवर 6 ओहम लिहिलेलं असलं तरी तो आकडा सगळीकडे सारखा नसतो. काही सुरांवर तो 4.8 पर्यंत उतरतो, काहींवर 25 च्याही वर जातो. स्पीकरचा आकडा जिथे लहान, तिथे केबल जास्त खाते. 4.8 ओहमला 0.71 डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) जातात, 25 ओहमला फक्त 0.14. म्हणजे काही सूर इतरांच्या तुलनेत अर्ध्या डेसिबलहून थोडे जास्त दबतात. आवाज नुसता कमी झाला असता तर बटण फिरवून भागलं असतं. इथे सुरांमधलं आपसातलं प्रमाण बिघडतं, आणि नीट ऐकणाऱ्या कानाला ते कळू शकतं. केबलचा रोध स्पीकरच्या सर्वांत कमी आकड्याच्या 5 टक्क्यांच्या आत असावा असा ढोबळ नियम आहे. तुमच्या बाबतीत ती मर्यादा 0.24 येते, आणि तुमची केबल तिच्या बरीच पुढे गेली आहे.

हाच हिशेब साध्या तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर केबलला लावा. रोध 0.08 ओहम, आणि तोच असमतोल 0.57 वरून 0.12 डेसिबलवर येतो. 4 चौरस मिलिमीटर घेतली तर 0.08 डेसिबलच्या आत. आणि रोध शून्य असलेली केबल मिळाली, जी कोणीच बनवू शकत नाही, तरी तुम्हाला आणखी मिळणार फक्त हे 0.12 डेसिबल. पहिल्या 1 भागात सुधारणेचा जवळपास चार-पंचमांश पदरात पडतो; पुढचे 34 भाग उरलेल्या चिमूटभरासाठी जातात. मोठ्या खरेदीत माणूस हमखास इथेच फसतो. महागड्या वस्तूची तुलना घरातल्या जुन्या, अपुऱ्या वस्तूशी होते. ती खरं म्हणजे मधल्या, स्वस्त पण पुरेशा पर्यायाशी व्हायला हवी. तुम्ही बारीक आणि जाड यांतला फरक ऐकलात. साधी जाड आणि महाग जाड यांतला फरक तुम्ही अजून ऐकलेलाच नाही.

दुकानदाराच्या बाकीच्या मुद्द्यांपैकी चांदीचा मुद्दा लगेच निकाली निघतो: चांदी तांब्यापेक्षा सहा-सात टक्केच चांगली वाहक आहे, तेवढं तर तार थोडी जाड घेऊन भरून निघतं. ऑक्सिजनमुक्त तांब्याचा फायदा एखाद्या टक्क्याचा. बाणाच्या दिशेनेच केबल लावायची यालाही आधार नाही, कारण संगीताचा करंट दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. डॅम्पिंग फॅक्टरचा मुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो, पण स्पीकरच्या आतल्या कॉइलचाच रोध साधारण 5 ओहम असतो. पडद्याला आवर घालणाऱ्या त्या वाटेत केबलचे 0.08 म्हणजे फार काही नाही. केबलच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे बदलत्या करंटला ती करते त्या विरोधामुळे, 20,000 हर्ट्झला, अगदी उंच सुरांना, दोन-तीन शतांश डेसिबल जातात. उलट, दाट विणीच्या काही केबलींची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, इतकी जास्त असते की एखादा अँप्लिफायर अस्थिर होऊन तापतो. महाग म्हणजे निदान निर्धोक, असंही समजू नका.

खरी सावधगिरी घ्यायची ती तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम मिळण्याची. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम, अशी केबल सर्रास विकली जाते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, शिवाय वाकवताना धागे लवकर तुटतात. एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढुरका चकाकला तर परत करा. केबल हातात हलकी वाटली तरी शंका घ्या, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं.

मोजून घ्या: दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष अंतरापेक्षा मीटरभर जास्त. डावी-उजवी लांबी सारखी हवीच असं नाही. मीटरभराच्या फरकाने सिग्नल सुमारे 5 नॅनोसेकंद मागेपुढे होतो, कानाला त्याचा काही पत्ता लागत नाही. टोकाचं आवरण 10 ते 12 मिलिमीटर सोला, धागे घट्ट पिळा आणि एकही धागा शेजारच्या टोकाला शिवत नाही ना ते उजेडात पाहा. अँप्लिफायर जळण्याचं हे एक अगदी साधं कारण आहे. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड सैल पडतो. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरना सारखंच. एका बाजूला उलटं लागलं तर खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. हे सगळं अँप्लिफायर बंद करून करायचं.

आता पैशांचं. हप्ते नको, हे माझं ठाम मत आहे. दोन महिन्यांची शिल्लक असताना बारा महिन्यांचा हप्ता मागे लावणं म्हणजे पगार एकदा लांबला तरी अडचणीत येणं. तुमच्या खोलीच्या मापाने कापून टोकं लावलेल्या केबलला पुढे गिऱ्हाईक मिळणंही अवघड. गरज पडली तर ती मोडून पैसे उभे राहणार नाहीत. 20 मधला 1 भाग आज केबलवर खर्च करा. 14 भाग अडीअडचणीच्या शिल्लकेत घाला आणि ती सहा महिन्यांच्या खर्चाइतकी होईपर्यंत दरमहा भर टाकत राहा. जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तीच रक्कम त्यासाठी वळवा. उरलेले 5 छंदासाठीच ठेवा, मन मारायची गरज नाही. पण ते खर्च करण्याआधी स्पीकर भिंतीपासून वीस-तीस सेंटिमीटर पुढे-मागे करून ऐका. फुकट आहे, आणि खर्जात त्याने होणारा बदल कित्येक डेसिबलचा असू शकतो. फरशी उघडी असेल तर स्पीकर आणि बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी टाकून पाहा.

एवढं करूनही महागडी केबल मनातून जात नसेल, तर परत करण्याच्या बोलीवर ती पुन्हा घरी आणा आणि नव्या साध्या 2.5 च्या केबलशी तुलना करा. दोन्ही वेळा एकच स्थिर सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. ते एका टक्क्याच्या आत जुळलं पाहिजे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. मग दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या नजरेआड केबल जोडायला सांगा. कोणती लावायची ते दर वेळी नाणं उडवून ठरवायचं, तुम्ही ओळखायचं, असं 16 वेळा. नुसत्या अंदाजाने 12 किंवा जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. बारापेक्षा कमी आली, तर केबल मुदतीत परत करा.