दार उघडं का असायचं

प्रिय सानू,

परवा आजी दार न वाजवता तुझ्या खोलीत आली आणि तू मला म्हणालीस, "आई, मराठी लोकांना प्रायव्हसी कळतच नाही का?" मला ते लागलं. पण आजी समोर होती, आणि खरं सांगू, उत्तरही सुचलं नव्हतं.

गिरगावातली आमची खोली दहा बाय बाराची, माणसं सात. अण्णाआजोबांना कॉट, बाकी सगळे खाली. पहाटे पाणी आलं की दार उघडायचं, ते रात्री अंथरुणं पडेपर्यंत. भरदुपारी दार लोटलेलं दिसलं तर शेजारच्या सुधाकाकू हाक मारायच्या, "काय गं, बरं नाही का?"

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. आमच्या मजल्यावरचा पहिला टीव्ही कोपऱ्यातल्या काकांकडे आला. छायागीत लागलं की अर्धी चाळ तिथे. लहान पोरं जमिनीवर, मोठी उंबऱ्यात, उरलेली खिडकीच्या गजांना लटकून. काका जेवत असले तर त्यांच्या ताटावरून माना उंचावून बघायचो. त्यांनी कधी 'जा' म्हटलं नाही. म्हणावंसं वाटत असेल का, हा विचार मात्र तुझ्या प्रश्नानंतर पहिल्यांदा आला.

याला आपली संस्कृती वगैरे म्हणायचा मोह होतो, पण निम्मं कारण जागेचं होतं. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या आकड्यावर गोठवली. भाडेकरू खोली सोडेनात, मालक डागडुजी करेनात, आणि एका खोलीत तीन-तीन पिढ्या नांदू लागल्या. माईआत्याला साडी बदलायची असली की आम्ही पोरं गॅलरीत. तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तिला रडायला मोरीच होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती पिंपातलं पाणी तांब्याने उगाच ओतत राहायची. आजीला ते कळायचं. ती बाहेरून एवढंच म्हणायची, "पाणी पुरवून वापर गं."

मला आलेलं पहिलं पत्रही माझ्याआधी मजल्याने वाचलं होतं. तेव्हा मी तुझ्याइतकीच चिडले होते.

तरी तुझं दार बंद दिसलं की माझा हात आपसूक हँडलकडे जातो. आवरते. आजीला म्हटलं, दार वाजवत जा. तर म्हणाली, "माझ्याच नातीचं?" पुढे मी बोलले नाही, तुमचं तुम्ही बघा.

चाळ पडली. सुधाकाकू आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये राहतात, सेफ्टी डोअर लावून. मागच्या खेपेला मी जुन्या आठवणी काढत बसले होते. त्या म्हणाल्या, "संडास घरात आला, मला अजून काय हवंय?" डिसेंबरात जाऊ तेव्हा तूच विचार त्यांना. आधी फोन करून जावं लागतं.

तुझी,
आई