प्रवासाचे प्रश्न : मोहेरचे कडे की कॉनेमारा?

प्रश्न : ताई, आमची मुलगी आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरी करते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे निघालोय. तिला सुट्टी कमी, म्हणून एक दिवस ती आम्हाला ग्रुपच्या बस टूरवर पाठवणार आहे. एक बस मोहेरच्या कड्यांना जाते, दुसरी कॉनेमारा या डोंगराळ भागात. कोणती घ्यावी? इंग्रजी आम्हाला जेमतेम कळतं आणि हिला बस लागते. घरी बटाट्याची शेती आहे. जूनच्या लावणीसाठी तिकडचं थोडं बियाणं आणता येईल का?
– एक शेतकरी वाचक, पुसेगाव (जि. सातारा)

उत्तर : काका, तुम्ही बटाटा लावता हे वाचलं आणि माझं उत्तर तिथेच ठरलं. कॉनेमाराच घ्या. मोहेरचे कडे भव्य आहेत, समुद्रातून दोनशे मीटर सरळ वर उठलेले. पण ते लेकीबरोबर एखाद्या रविवारीही बघून होतील. कॉनेमाराचा डोंगर मात्र तुम्हाला जसा कळेल तसा बसमधल्या दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

बस सकाळी दहाच्या सुमारास निघते आणि संध्याकाळी सहापर्यंत परत आणते. रस्ते अरुंद आणि वळणांचे, तेव्हा लवकर जाऊन काकूंसाठी पुढची सीट धरा आणि आवळासुपारी जवळ ठेवा. ड्रायव्हरच गाइड असतो. गाडी हाकता हाकता तो माइकवर बोलत राहतो, तेही तिकडच्या हेलात. त्यातलं निम्मं निसटलं तरी चालेल. खिडकी मात्र सोडू नका.

लीनॅन नावाचं छोटं गाव येईल. तिथून बस कायलमोरच्या वाड्याकडे निघाली की उजव्या हाताला किलरी दिसते. सोळा किलोमीटर आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, पलीकडे 814 मीटर उंचीचा म्वीलरे डोंगर. दोन्ही काठांच्या उतारांवर गवताखाली समांतर रेघा दिसतील, ऊन तिरपं असलं तर अगदी स्पष्ट. ते बटाट्याचे वरंबे आहेत. खडकाळ, पाणथळ जमिनीत कुदळ-फावड्याने काढलेले, समुद्रातलं शेवाळ खत म्हणून घातलेले. नांगर चालणार नाही अशा चढावर लोकांनी ते काढले, कारण खालची चांगली जमीन त्यांच्या वाट्याला नव्हती.

1845 साली त्या पिकावर करपा रोग आला. काका, हा तोच करपा, जो ढगाळ, दमट हवेत आपल्याकडे एका आठवड्यात प्लॉट काळा करतो. गरिबाचं जेवण म्हणजे तिथे फक्त बटाटा, तोही बहुतेक ठिकाणी ‘लंपर’ या एकाच वाणाचा, त्यामुळे रोगाला आडकाठी अशी राहिलीच नाही. पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा गेलं. त्याच काळात देशातून धान्य बाहेर जात होतं आणि खंड थकला म्हणून कुळांना घराबाहेर काढलं जात होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. 1841 च्या शिरगणतीत या बेटावर 80 लाखांहून जास्त लोक होते. तो आकडा बेटाने आजतागायत पुन्हा गाठलेला नाही.

पाहुणे आले की मी याच बसमध्ये बसते. किलरीपाशी सगळे रंग लावलेल्या मेंढ्यांचे फोटो काढत असतात आणि ते वरंबे मागे पडतात. मला दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही बघा आणि काकूंनाही दाखवा.

कायलमोरला बस बराच वेळ थांबते. तळ्याकाठचा तो वाडा मिचेल हेन्री नावाच्या श्रीमंत खासदाराने बांधला. 1920 पासून तो बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींचा मठ आहे. दालनं लवकर आटपा आणि सहा एकरांच्या तटबंदीतल्या बागेत जा. तिकडे नेणारी छोटी बस असते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात माहीत असलेलेच वाण तिथे लावतात, भाजीचे वाफे तर तुम्ही तासभर बघत बसाल. जेवणाला सूप आणि तपकिरी ब्रेड मिळतो. सूप शाकाहारी आहे का, ते आधी विचारा. छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही. टोपीचा रेनकोट घ्या.

याच भागात बॅलिनाहिंचचा वाडा आहे. क्रिकेटवाले रणजी, म्हणजे नवानगरचे जामसाहेब, यांनी तो 1924 मध्ये घेतला होता आणि उन्हाळ्यात ते तिथे मासेमारीला येत. बस तिथे सहसा वळत नाही, म्हणून फक्त कानावर घातलं.

आता बियाण्याचं. आणू नका, एक बटाटासुद्धा नको. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय बियाणं भारतात आणता येत नाही, आणि भारतातून आयर्लंडला बटाटा न्यायलाही मनाई आहे. करपा मुळात अमेरिका खंडातून समुद्र ओलांडूनच युरोपात पोहोचला होता. तिकडे आजही उन्हाळ्यात हवामान खातं करप्याचा इशारा देतं. तो कधी आणि कोणत्या हवेत देतात, ते लेकीकडून मोबाइलवर समजून घ्या. तुमच्या फवारणीला त्या माहितीचा उपयोग होईल.