ब्राझीलमध्ये सापडलेला डायनासोर जर्मनीने परत का केला? जीवाश्म साऱ्या मानवजातीचे असतात ना?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मी दर दिवाळीला ऐकतो. माझा एमएस्सीचा वर्गमित्र कोळसा खाणीत जिऑलॉजिस्ट आहे. फराळाचं ताट हातात आलं की त्याचं सुरू होतं, "जीवाश्म काय कुणाच्या बापाचे आहेत? मानवजातीचे आहेत." तेव्हा हे उत्तर तुम्हाला कमी आणि त्याला जास्त, असं समजा.

पहिलं वाक्य लवकर संपवतो. उबिराजारा हा कोंबडीएवढा डायनासोर. ब्राझीलमध्ये 1942 पासून जीवाश्म सरकारी मालकीचे आहेत. 1990 पासून तर बाहेरच्या संशोधकाला तिथली संस्था सोबत घ्यावी लागते आणि नव्या जातीचा मूळ नमुना देशातच ठेवावा लागतो. तरी हा जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या संग्रहालयात पोचला आणि 2020 मध्ये त्याच्यावर पेपर (शोधनिबंध) आला. लेखकांत एकही ब्राझिलियन नाही, नाव मात्र तिथल्याच तुपी भाषेतलं! तिथल्या संशोधकांनी ट्विटरवर रान उठवलं, पेपर मागे घेतला गेला आणि 2023 मध्ये डायनासोर घरी गेला. यात जर्मनीने मोठेपणा दाखवला वगैरे काही नाही. दुसऱ्याची वस्तू होती, बोंब झाली, दिली.

आता माझं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना विभागात एक परदेशी पाहुणे आले. सर मला म्हणाले, तू तिकडचाच आहेस, यांना पिसदुरा दाखव. पिसदुरा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात. तिथल्या वावरांत नांगर फिरला की डायनासोरची हाडं आणि त्यांचं दगड झालेलं शेण वर येतं. शेतकऱ्यांना त्याचं काही नवल नाही, ते वेचून धुऱ्यावर (बांधावर) टाकतात. मे महिना होता. ऊन कसं होतं ते विदर्भातल्यांना सांगायला नको. पाहुण्यांनी धुऱ्यावरचा एक तुकडा उचलला, पुसला आणि जिभेला लावला. (हाड सच्छिद्र असतं, ते जिभेला चिकटतं. आम्हीही असंच तपासतो.) वावराचे मालक, सत्तरीचे आजोबा, माझ्याकडे वळून म्हणाले, "बाप्पा, हे गोटे चाटते का जी?" तो तुकडा हाडाचा नव्हता, शेणाचा होता. मी आजोबांना तेव्हा सांगितलं नाही.

दोन दिवस पोतं मी वाहिलं. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचा, वर नंबर टाकायचा, वहीत लिहायचं की कोणत्या वावरात, कोणत्या धुऱ्यापासून किती पावलांवर सापडला. दुपारी आजोबांच्या घरी भाकर आणि झुणका. निघताना पाहुणे म्हणाले, तपासून झाले की अर्धे नमुने परत पाठवतो. वहीपण नेली, झेरॉक्स पाठवतो म्हणून. दोन वर्षांनी पेपर आला. माझं नाव नाही, सरांचं नाही, गावाचं स्पेलिंग चुकलेलं. आभारात 'स्थानिक मदतनीस'. वही अजून यायची आहे. मी मेल केला की नमुने पाहायचे आहेत. उत्तर अत्यंत सभ्य आलं: अवश्य या, ड्रॉवर क्रमांक अमुक. व्हिसा आणि तिकीट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते तेवढं कळवलं नव्हतं.

म्हणून विचारतो, त्या दुपारी आमच्यासाठी भाकरी थापणारी बाई मानवजातीत येते की नाही? मग मानवजातीचा ठेवा दर वेळी विमानतळाकडेच कसा निघतो? आणि हे आजचं नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळात आमच्याच भागातल्या मांगली गावची एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली, 1855 मध्ये तिथल्या प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने तिला ब्रॅकिऑप्स नाव दिलं आणि ती आजही तिकडेच आहे. तेव्हा निदान राज्यच त्यांचं होतं.

यावर मित्राचा हुकमी एक्का ठरलेला: "पाहुण्याने नेले ते नंबरासकट शाबूत आहेत. तुमच्या विभागात होते त्यांचं काय झालं?" झालं ते असं. त्या खोलीची कॉम्प्युटर लॅब करायची ठरली, कपाट व्हरांड्यात आलं, तिथेच एक पावसाळा काढला, लेबलं वाळवीने खाल्ली. लेबल गेलं की जीवाश्माचा नुसता गोटा होतो. पुढे ते गोटे नव्या इमारतीच्या पायाच्या भरणीत गेले. हे खरं आहे आणि मला झोंबतं. टायटॅनोसॉरस या डायनासोरचं तरी काय वेगळं? 1828 मध्ये इंग्रज अधिकारी स्लीमनला जबलपूरला सापडलेले मणके, 1877 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरने त्यावरून जातीला नाव दिलं, आणि मग ते कोलकात्यात गहाळ! 2012 मध्ये जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी संस्थेच्या) स्वतःच्याच संग्रहात सापडले. शोधणाऱ्यांत आपले धनंजय मोहबे होते, आणि हो, मिशिगनचे जेफ्री विल्सनही होते.

पण घर गळतं म्हणून शेजाऱ्याने भांडी उचलून न्यायची का? कौलं शाकारायला मदत करा की. पामेला रॉबिन्सन या इंग्लंडच्या जीवाश्मतज्ज्ञ बाईंनी तेच केलं. संस्थापक महालनोबिसांच्या बोलावण्यावरून त्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आल्या आणि तिथला भूविज्ञानाचा विभाग उभा करायला, पोरं तयार करायला हातभार लावला. पुढे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून निघालेल्या बारापासॉरस या डायनासोरला 1975 मध्ये नाव दिलं ते त्या संस्थेतल्याच लोकांनी. सांगाडा कोलकात्यात उभा आहे, रेल्वेचं तिकीट काढून बघून या.

आमच्या पिसदुऱ्याच्या शेणातही 2005 मध्ये गवताचे अवशेष सापडले. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं मानत. पहिल्या लेखिका लखनौच्या वंदना प्रसाद, सोबत स्वीडनहून स्ट्रॉमबर्ग. म्हणजे परदेशी हात लागला की विटाळ होतो, असं माझं म्हणणं नाही. राहिला देशी प्रामाणिकपणा, तर पंजाब विद्यापीठाच्या विश्वजित गुप्तांनी मोरोक्कोकडचे जीवाश्म हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापले आणि ते चव्हाट्यावर आणलं ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी. हे मला आधीच लिहायला हवं होतं, पण मित्र हे वाचणार आहे.

आणखी एक. ब्राझीलसारखा जुना कायदा आपल्याकडे नाही. जीवाश्म आणि भूवैज्ञानिक ठिकाणं जपण्यासाठीच्या भूवारसा विधेयकाचा मसुदाच मुळी 2022 मध्ये आला. तेव्हा तुम्ही विद्यार्थी असाल आणि उद्या कुणी पाहुणे आले, तर नमुने किती, कुठे राहणार, परत कधी येणार आणि पेपरवर नावं कुणाची, हे पोतं उचलण्याआधी लिहून घ्या. वही तर अजिबात हातची सोडू नका. आता मोबाइल आहेत, पानापानाचा फोटो काढा.

त्या दोन दिवसांतला एकच तुकडा इथे उरलाय. मी तेव्हा मित्राला भेट दिला होता, तो त्याच्या टेबलावर बिलं दाबायला असतो. मागच्या दिवाळीला परत मागितला, म्हटलं लेबल लावून नीट ठेवतो. म्हणाला, तुला कसा देऊ, मानवजातीचा आहे.