गोळ्या पाठवणार नाही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फौजेच्या ट्रेनिंग सेंटरमधून तुझा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. चार मिनिटं बोललास. त्यातली तीन मिनिटं थंडी, लंगरच्या जेवणातली डाळ आणि ट्रेनिंग देणारे उस्ताद यांच्यातच गेली. फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालास, "काका, चिवड्याच्या डब्यात तळाला ब्रुफेनची दोन पाकिटं घालून पाठवा. नडगी दुखतीय. एमआय रूमला, डॉक्टरांकडे गेलो तर रेलिगेट करतील, मागच्या बॅचला टाकतील." तुझ्या मागे कुणीतरी नंबर लावून उभं होतं, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो. चिवडा पाठवतोय. गोळ्या पाठवणार नाही.

दुखणं लपवू नकोस. या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच.

पण आणखी एक वाक्य बोललास, ते दोन रात्री डोक्यातून जात नाही. "तुम्हीच म्हणायचात ना, दुखलं तरी थांबायचं नाही." म्हणायचो. पहाटे पाच वाजता मैदानावर तुम्हा पोरांच्या मागे शिट्टी घेऊन पळताना हजार वेळा म्हणालो असेन. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचं तर शेवटच्या फेरीला छाती फुटायला येते, मांड्या पेटतात. त्या दुखण्याबद्दल मी बोलत होतो. ते दुखणं पळणं थांबलं की पाच मिनिटांत उतरतं. हाडाचं दुखणं वेगळं. हे मी तेव्हा फोड करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पण माझ्या त्या वाक्याच्या आड तू आता लपू नकोस. मी पळायला शिकवलं, लपवायला नाही.

आज रात्री रोल कॉल झाला की पलंगावर बस आणि नडगीच्या आतल्या कडेवरून एक बोट वरून खाली हळूहळू दाबत ने. सगळ्या कडेला लांबवर ठणकत असेल तर ते बहुतेक स्नायूंचं आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं, चार दिवसांच्या आरामात मऊ पडतं. पण नाण्याएवढ्या एकाच जागी बोट टेकवल्यावर डोळ्यांत पाणी आलं, किंवा पळायचं थांबल्यावरही, रात्री झोपेतही तिथंच दुखत राहिलं, तर हाडाला बारीक चीर पडायला लागलेली असू शकते. अचानक रोजचं पळणं, ड्रिल, पाठीवरचा पिट्ठू सुरू झालं की हाड स्वतःला नव्यानं बांधायला घेतं. त्यात आधी जुनं झिजवतं आणि मग नवं भरतं. या दोन्हींच्या मधल्या काही आठवड्यांत ते कच्चं असतं. तुझा सातवा आठवडा चालू आहे. म्हणजे नेमका तोच काळ. सुरुवातीला एक्स-रेमध्येही चीर दिसत नाही, म्हणून एकदा "काही नाही" असं निघालं तरी दुखत राहिलं तर पुन्हा जायचं. वेळेत थांबलास तर सहा-आठ आठवड्यांत बहुतेक वेळा सांधतं. गोळ्या खाऊन पळत राहिलास तर एके दिवशी कडकन मोडेल, आणि मग रॉड. गोळी दुखणं झाकते, हाड सांधत नाही.

रेलिगेट म्हणजे काय रे? मागच्या बॅचला जाणं. ३१ आठवड्यांच्या जागी चाळीस लागतील. नव्या पोरांत मिसळावं लागेल, कसम परेड, म्हणजे शपथ घ्यायचा दिवस, उशिरा होईल. क्वचित एखाद्याला घरीही पाठवतात, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण तुला भीती त्याची नाही. तुला भीती आहे की गावात कळेल. अपशिंगे मिलिटरी गावाला आपण गेलो होतो, आठवतं? पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं पडली. त्यातला कोण पहिल्या फटक्यात ट्रेनिंग पुरं करून गेला आणि कोण दोन महिने मागे राहिला, हे तिथं कुणी तुला सांगू शकलं का? तू तरी विचारलंस का?

तुझं म्हणणं, सेंटरमध्ये जे चालतं त्याचा लढाईशी काही संबंध दिसत नाही. पहाटे चारला उठून दाढी, बुटाला पॉलिश, फॉलिन म्हणजे रांगेत हजेरी, ड्रिल, किट ले-आउट. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा माझ्या ओट्यावर बसून टीव्हीकडे बघत तू मुठी आवळत होतास, ते मी पाहिलंय. आणि आता मोज्यांच्या घड्या घालायला लावतात. पण किट ले-आउट एकदा नीट बघ. पाण्याचा मग, मोजे, वस्तरा, सुई-दोऱ्याची पिशवी, सगळं पलंगावर उघडं मांडायचं. फाटका मोजा घडीत दडवलास की उस्ताद काठीच्या टोकानं तोच बाहेर काढणार. मला तेव्हा हा निव्वळ छळ वाटायचा. पुढे कळलं. ज्याच्या पिट्ठूत काय नाही हे त्याच्या जोडीदाराला माहीत नसतं, तो जोडीदाराला मारतो. सेंटरमध्ये फाटकं दाखवायची सवय लावतात. नडगी हेही तुझं किटच आहे. ती मांड उघड्यावर.

दुसऱ्या महायुद्धातल्या नामदेव जाधवांचं नाव तू फोनवर घेतलंस, ते जखमी हातानं लढले आणि मी नडगीवरून रडू का, म्हणून. त्यांची गोष्ट पुरी आठव. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. नदी ओलांडताना मशीनगनचा मारा झाला. त्यांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेलं आणि परत जाऊन दुसऱ्याला आणलं. हाताला जखम झाली ती त्यानंतर. बंदूक चालवता येईना म्हणून ग्रेनेड हातात घेतले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी जखम लपवली नव्हती, सगळ्यांसमोर झाली होती. आणि दुसऱ्याला पाठीवर घेऊन सुरुंगांतून चालायला धड पाय लागतात. मोडकी नडगी घेऊन तू कुणाला आणणार आहेस?

आता माझं सांगतो. तुला मी "डावा कान स्फोटात गेला" असं सांगत आलोय. तुझ्या बापालाही तेच माहीत आहे. ते खरं नाही.

मी बेळगावला रंगरूट होतो ते १९८७ साल. हातात एसएलआर रायफल, चार किलोच्या वर वजन, ७.६२ ची गोळी, आवाज असा की दातांत घुमायचा. रेंजवर कानांत कापूस घालायचा हुकूम होता. मला कापसामुळे उस्तादांची ऑर्डर नीट ऐकू यायची नाही, चूक होईल या भीतीनं मी डाव्या कानातला गुपचूप काढून टाकायचो. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीकडे वळलेला असतो, मार त्यालाच जास्त बसतो. आठवडाभर कानात रातकिड्यासारखी शिटी वाजत राहिली. मामानं दिलेलं एचएमटीचं घड्याळ होतं. एका रात्री ते उजव्या कानाला लावलं, टिकटिक आली. डाव्याला लावलं, काही नाही. पुन्हा उजव्याला, पुन्हा डाव्याला. मग मनगटावर बांधलं आणि झोपलो. सकाळी कुणाला सांगितलं नाही. एमआय रूम दोनशे पावलांवर होती.

का नाही सांगितलं? माण तालुक्यातलं कोरडवाहू रान, लागोपाठ सुकलेली सालं, धाकट्या दोन बहिणी, आणि मी भरती झालो म्हणून बापानं सोसायटीकडून उचललेलं कर्ज. मी परत गेलो असतो तर घर उभं राहिलं नसतं. तुझ्या घरी ठिबक आहे, दोन म्हशी आहेत, तुझा भाऊ कमावतो. माझ्या जागी असतास तर तूही तेच केलं असतंस. मला दुसरा रस्ता नव्हता. हे मी गेली इतकी वर्षं स्वतःला सांगतोय आणि आज तुलाही सांगायला बसलो. लिहिताना मात्र दिसतंय की रस्ता होता. दोनशे पावलांचा होता.

पलटण श्रीलंकेत होती. भारताची शांतिसेना. १९८७ च्या जुलैत करार झाला, ऑक्टोबरात लढाई पेटली, आणि १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत येईपर्यंत आपले अकराशेहून जास्त जवान तिथं गेले. मी पोचलो ते ८८ मध्ये. वन्नीचं जंगल. तिथं बोलायचं नसतं, हातानं खुणा करायच्या, आणि अंधारात हात दिसत नाही तेव्हा ओठांतल्या ओठांत. असा कान आधी बारीक आवाज सोडतो. पाचोळ्याची सळसळ, कुजबुज, 'स' आणि 'श'. मोठा आवाज मला व्यवस्थित यायचा, म्हणून वाटायचं, निभेल.

नोव्हेंबर, पाऊस लागलेला, उजाडायच्या आधीची गस्त. मी पुढे, जोडीदार चार पावलं मागे, डाव्या हाताला. माझ्या वाटेवरची सुरुंगाची तार त्याला दिसली. तो "थांब" म्हणाला. दोनदा म्हणाला, हे त्यानं मला नंतर सांगितलं. मी चालत राहिलो. त्यानं झेप घेऊन माझ्या पिट्ठूचा पट्टा धरला आणि मला मागे ओढलं. त्या ओढाताणीत त्याचा पाय वाटेच्या बाहेर पडला, सुरुंगावर.

मी उताणा पडलो होतो. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. आता दोन्ही कान बंद. ओठांवरून कळलं, तो विचारत होता, "तुला लागलं का?"

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. पुढे पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्याला पाय बसवून दिला. माझा उजवा कान महिन्याभरात आला, डावा आला नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, स्फोटामुळे. मी "होय सर" म्हणालो. पुढची नोकरी त्या कागदावर सुखात झाली. हवालदार होऊन घरी आलो, गावानं मिरवणूक काढली.

त्याच्या घरी जायला मला एकवीस वर्षं लागली. पाटणच्या वर, डोंगरात घर आहे. २००९ चा दिवाळीनंतरचा आठवडा. तो भाताच्या खळ्यावर होता, खाटेवर बसून पोरांना सूचना देत होता. मी रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो होतो, ती सगळी विसरलो. एवढंच म्हणालो, "माझा कान आधीच गेलेला होता." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. डाव्या बाजूनं हाक मारली की तू वळायचा नाहीस. म्हणून तर गस्तीला मी तुझ्या डाव्या हाताला चालायचो."

कळलं का तुला? त्याला ठाऊक होतं, आणि त्यानंही कुणाला सांगितलं नाही, कारण मी लपवतोय हे त्याला दिसत होतं. माझं झाकण त्यानं धरून ठेवलं. तू लपवलंस की तू एकटा लपवत नाहीस. बाजूच्या पलंगावरचा पोरगा तुझं बॅटल लोड, पाठीवरचं ओझं, थोडं हलकं करायला लागतो, पाच किलोमीटरला तुझ्यासाठी रेटा कमी करतो, उस्तादांनी विचारलं तर "ठीक आहे उस्ताद" म्हणतो. मग कधीतरी हिशोब होतो, आणि ज्यानं भरायचा तो भरत नाही. म्हणून मी म्हाताऱ्यासारखा तेच तेच सांगतोय. लपवू नकोस. उस्तादांचा राग ओढव, रगडा म्हणजे शिक्षा खा, कुणी "नाटक करतोय" म्हटलं तर ऐकून घे, पण लपवू नकोस. तू तारीख बघतोस, कसम परेड कधी, सुट्टी कधी, पोस्टिंग कुठं. सीमा कुठं पळून जात नाही. तू दोन महिने उशिरा पोचलास तरी ती तिथंच असेल, आणि तिथं तुझ्या पुढे-मागे चालणाऱ्याला तुझ्याकडून एकच गोष्ट लागेल: तू "ठीक आहे" म्हणालास तर तू ठीक असावास.

फोनवर म्हणालास, काका, तुम्ही समजून घ्याल वाटलं होतं. समजतंय म्हणून तर गोळ्या नाहीत.

हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फॉलिनला सिक रिपोर्ट, म्हणजे कोण आजारी आहे, विचारतील तेव्हा हात वर कर. डॉक्टरांना जागा बोटानं दाखव, किती दिवस झाले ते खरं सांग, आणि आतापर्यंत कुणाकडून मागून किती गोळ्या खाल्ल्यास तेही सांग. एक्स-रेनं काही दाखवलं नाही आणि दुखत राहिलं तर आठ दिवसांनी पुन्हा हात वर कर. लाज वाटेल. वाटू दे.

जाण्याआधी आदल्या रात्री जोडीदाराला सांग. त्याला बहुतेक माहीत असेल, तरी तुझ्या तोंडून सांग.

डब्यात चिवडा आहे, वर सहा बेसनाचे लाडू आहेत, ते तुझ्या आईनं दिलेत. तिला मी नडगीचं सांगितलंय. रागावू नकोस. रविवारी पहिला फोन तिला कर, मला नंतर केलास तरी चालेल. आणि फोन उजव्या कानाला लावीपर्यंत जरा थांबत जा, पहिली दोन वाक्यं माझी हुकतात.

तुझा,
काका