जुनी स्विस घड्याळं: नव्यासारखी डायल, अडकलेली केस आणि पळणारा काटा

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न फेवर ल्युबा, वेस्ट एंड, रोमर अशा घड्याळांबद्दल आहेत. रोलेक्स-ओमेगाच्या गर्दीत ही नावं मागे पडली, पण कामात ती कमी नाहीत. महाराष्ट्रातल्या घराघरांत ती होती आणि अजूनही कपाटांतून निघतात.

प्रश्न : फेवर ल्युबाचं 'सी चीफ' घ्यायचं मनात आहे. विक्रेत्याच्या फोटोत डायल गडद निळी आणि अगदी नव्यासारखी दिसते. घड्याळ साठच्या दशकातलं आहे म्हणे. डायल इतकी चांगली टिकते का? (वाचक, नाशिक)

टिकते, पण आपल्या हवेत क्वचितच. गॅस्केट वाळलं की दमटपणा आत शिरतो. आधी डायलच्या कडेला ठिपके पडतात, मग लॅकरला बारीक भेगा जातात. त्यामुळे झगझगीत निळी, पोपटी किंवा केशरी डायल दिसली की ती पुन्हा रंगवलेली आहे असं धरूनच तपासणीला बसा. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. स्वातंत्र्यानंतर स्विस घड्याळांच्या आयातीवर बंधनं आली आणि सुटे भाग दुर्मिळ झाले. जे घड्याळ होतं तेच वर्षानुवर्षं चालवायचं, म्हणून कारागिरांनी मिळेल तो काटा बसवला, मिळेल ती चावी लावली आणि डायल रंगवून दिली. त्या काळी ती गरज होती. आज तेच घड्याळ 'ओरिजिनल' सांगून विकलं जातं, तेव्हा ती फसवणूक होते.

दहापट भिंग घ्या आणि सहाच्या खुणेखालची 'स्विस मेड' ही अक्षरं पाहा. कारखान्यातल्या छपाईत ती अतिशय बारीक, सारख्या जाडीची आणि डायलच्या गोलाईला धरून असतात. रंगवलेल्या डायलवर ती जाड असतात, फुटलेली असतात, केसच्या कडेखाली अर्धी लपतात किंवा नसतातच. मग मिनिटांच्या रेघा बघा. तासाच्या प्रत्येक पट्टीच्या टोकाशी एक रेघ बरोबर मध्यावर यायला हवी. बाराला जुळते आणि चारला सरकते, असं झालं तर छपाई नंतरची. तारखेच्या खिडकीची कड आणि मधल्या भोकाचा काठ तपासा, तिथे रंगाचा थर जाड होऊन साचतो. डायलच्या कडेला तीन किंवा बाराजवळ कानशीनं पाडलेली छोटी खाच दिसली, तर ती बहुधा रंगवणाऱ्यानं दिशा कळावी म्हणून पाडलेली असते.

काटेही बोलतात. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचलं पाहिजे आणि तासकाटा तासाच्या पट्ट्यांच्या आतल्या टोकाजवळ थांबला पाहिजे. मिनिटकाटा दोन मिलिमीटर तोकडा असेल तर तो दुसऱ्या घड्याळातून आलेला आहे.

यानंतर मशीनचा फोटो मागाच. डायलवर 'ट्विन पॉवर' लिहिलेलं असेल तर आत एफएल 251 च्या घराण्यातलं, दोन बॅरलचं, म्हणजे चावीची ताकद साठवणाऱ्या मेनस्प्रिंगच्या दोन डब्यांचं, मशीन हवं. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लच्या या कंपनीनं चावीच्या घड्याळात दोन मेनस्प्रिंग बसवूनही मशीनची जाडी फक्त 2.95 मिलिमीटर ठेवली, हे आजही कौतुकाचं काम आहे. आत साधं, एका बॅरलचं मशीन निघालं तर डायल आणि मशीन वेगवेगळ्या घड्याळांचे आहेत. मशीनचा फोटो द्यायला नकार देणाऱ्याकडून घेऊ नका.

रंगवलेलं घड्याळ घेऊच नये असं नाही. हातात घालायला ते छान आहे, पण पैसे त्याच भावनेनं द्या. आणि घरातल्या घड्याळाची मूळ डायल पिवळी पडली असेल, डागाळली असेल, तरी कृपा करून रंगवायला देऊ नका. एकदा ती घासली की परत येत नाही.

प्रश्न : वडिलांचं मिडो कमांडर बंद आहे. मागच्या झाकणाला फट किंवा खाच काहीच नाही. एका दुकानात सुरी घालून बघितली, ओरखडा तेवढा पडला. ते उघडतं कसं? (वाचक, सांगली)

मागून उघडतच नाही. 1959 मध्ये आलेल्या कमांडरची केस एकसंध आहे. मागचा भाग आणि बाजू एकाच तुकड्याच्या, त्यामुळे मशीन समोरून, काच काढून बाहेर येतं. पाणी शिरण्याच्या वाटा कमी कराव्यात हा त्यामागचा विचार.

अशा केसमध्ये चावीचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. बाहेरचा तुकडा बटणासोबत (चावी देताना फिरवतो ते) आणि आतला मशीनमध्ये, दोन्ही एकमेकांत अडकलेले. बटण सरळ रेषेत, न वाकवता ओढलं की ते सुटतं. तिरपं ओढलं तर आतल्या तुकड्याचा चिमटा तुटतो, आणि तो मिळवणं फार जिकिरीचं आहे. बटण निघाल्यावर काच काढायची, काचेची कड सगळीकडून दाबणाऱ्या पंज्याच्या हत्यारानं किंवा दांड्याच्या नळीतून पंपानं हवा सोडून. हवेची पद्धत निवडली तर काचेवर तळहात ठेवा, ती उडून निघते. प्लास्टिकची काच जुनी असेल तर कडेला तडकते, म्हणून त्याच मापाची नवी काच आधी आणून ठेवा. घड्याळ परत जोडताना बटणाजवळचं सीलही बदला. मिडोनं तिथे बुचाचं सील वापरलं होतं आणि ते वाळलेलं असणार.

काम देण्याआधी कारागिराला एवढंच विचारा: "हे कुठून उघडतं?" उत्तर "मागून" आलं तर घड्याळ घेऊन घरी या.

प्रश्न : रोमरची महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग केली, मेनस्प्रिंगही नवी टाकली. आता ते दिवसाला आठ-दहा मिनिटं पुढे जातं. दुकानदार म्हणतो, रेग्युलेटर मागे घेऊ. घ्यावा का? (वाचक, ठाणे)

आत्ताच नको. रेग्युलेटर म्हणजे घड्याळाचा वेग कमीजास्त करणारी आतली कळ. काही सेकंदांचा फरक रेग्युलेटरचा असतो. दिवसाला दहा मिनिटांचा फरक हा दोष असतो, आणि रेग्युलेटर मागे ढकलून तो फक्त झाकला जातो.

पहिला संशय चुंबकत्वावर घ्या. फोनच्या कव्हरचं लोहचुंबक, स्पीकर, पर्सची टिचकी, यांतल्या कशानंही हेअरस्प्रिंगचे (घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात. वेढे चिकटले की स्प्रिंगची चालती लांबी कमी होते आणि घड्याळ पळतं. साधं होकायंत्र घड्याळाशेजारी ठेवून घड्याळ हळू फिरवा. सुई सोबत हलली तर चुंबकत्व आहे. डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढायचं यंत्र) चालू ठेवून घड्याळ त्यापासून सावकाश, अर्धा मीटर तरी लांब न्यायचं आणि मगच यंत्राचं बटण सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर उलट जास्त चुंबकत्व राहतं.

सुई हलली नाही, तर हेअरस्प्रिंगला तेल लागलंय का ते बघायला सांगा. तेलानंही वेढे चिकटतात. उपाय एकच, बॅलन्स (हेअरस्प्रिंग बसलेलं, झोके घेणारं चाक) काढून धुणं.

तुमच्या बाबतीत तिसरी शक्यताही मोठी आहे, ती नव्या मेनस्प्रिंगची. रोमर आपली मशीनं स्वित्झर्लंडमधल्या झोलोथुर्नला स्वतःच बनवायची. मशीनवरच्या 'एमएसटी' या अक्षरांवरून आणि आकड्यावरून मशीन ओळखता येतं. पण त्याची नेमकी स्प्रिंग हाताशी नसली की जवळपासच्या मापाची टाकली जाते. स्प्रिंगची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 0.10 ऐवजी 0.11 मिलिमीटरची पट्टी घातली तर ताकद सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. मग बॅलन्स इतका झोके घेतो की त्याची पिन पॅलेटच्या काट्यावर (चाकांना टप्प्याटप्प्यानं सोडणारा भाग) मागून आपटते. पूर्ण चावी दिल्यावर घोड्याच्या टापांसारखा दुडका आवाज येत असेल आणि काही तासांनी तो थांबत असेल, तर कारण हेच. यावर बारीक स्प्रिंग टाकणं हाच इलाज.

टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) लावून आकडे मागा. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून, बॅलन्सचा झोका 270 ते 300 अंश आला तर उत्तम. 200 च्या खाली आला तर साफसफाई नीट झालेली नाही. बीट एरर (टिक आणि टॉकच्या वेळेतला फरक) एक मिलिसेकंदाच्या आत हवी. यंत्रात लिफ्ट अँगल (झोका मोजायला लागणारा, मशीनगणिक वेगळा कोन) भरावा लागतो. बहुतेक जुन्या स्विस मशीनना 52 अंश जवळपास चालतो, पण सगळ्यांना नाही, म्हणून झोक्याचा आकडा पाचदहा अंशांनी इकडेतिकडे धरा.

प्रश्न : आजोबांचं वेस्ट एंड 'सोवार' सापडलं. आकड्यांवर तपकिरी रंग आहे, अंधारात चमकत नाही. रेडियम असेल का? घरात ठेवणं सुरक्षित आहे का? (वाचक, कोल्हापूर)

वेस्ट एंड 1886 पासून मुंबईशी जोडलेली कंपनी. 'सोवार' फौजेतल्या लोकांत फार चाललं. जुन्या सोवारवरचा तपकिरी लेप रेडियमचा असण्याची शक्यता मोठी. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही. थकतो तो लेपातला चमकणारा झिंक सल्फाइड. किरणोत्सारी रेडियमचं अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) मात्र सुमारे 1600 वर्षं आहे. डायलच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' असेल तर तो ट्रिटियम, त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं आणि चिंताही बरीच कमी.

बंद घड्याळ शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही. धोका भुकटीचा आहे, ती श्वासातून किंवा हातातून पोटात जाते. म्हणून घरी उघडू नका, लेप खरवडू नका, आणि दुरुस्तीला देताना रेडियम आहे हे आवर्जून सांगा. अशी बरीच घड्याळं असतील तर हवा खेळती असलेल्या खोलीत ठेवा. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो.

प्रश्न : कमी खर्चात सुरुवात करायची आहे. कोणती नावं शोधू? (वाचक, पुणे)

चार नावं. सर्टिनाचं डीएस, 1959 पासूनचं. त्यात मशीन लवचिक कड्यात बसवलेलं असतं, धक्का थेट पोचत नाही. इटर्नाचं इटर्नामॅटिक. 1948 मध्ये त्यांनी रोटर पाच गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरवला, त्याच पाच गोळ्या कंपनीचं चिन्ह झाल्या. एनिकार. आणि रोमर. सगळ्यांची स्वतःची मशीनं होती, पण भाग मिळायला त्रास हीच त्यांची अडचण. म्हणून त्याच नंबरचं एक मोडकं मशीनही घेऊन ठेवा. तेवढी खटपट नको असेल तर ए. शिल्ड किंवा ईटीए या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांच्या मशीनचं घड्याळ घ्या, त्यांचे भाग मुंबईत अजून सापडतात. किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च आधीच धरा. 'चालू आहे' याचा अर्थ 'तेल आहे' असा होत नाही.

प्रश्न : झाकणावर फ्रेंचमध्ये 'फाँ आसिए इनॉक्सिदाब्ल' लिहिलंय. म्हणजे पूर्ण स्टीलचं ना? (वाचक, मडगाव)

नाही, फक्त मागचं झाकण स्टीलचं. बाकी केस बहुतेक वेळा पितळेची, त्यावर सोन्याचा किंवा क्रोमचा मुलामा. लगांच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) कडा आणि पट्ट्याच्या आतली बाजू भिंगातून बघा. तिथे पिवळट पितळ किंवा हिरवट गंज दिसत असेल तर मुलामा गेलेला आहे. अशा केसला पॉलिश करू नका, उरलेलाही निघून जाईल. '20 मायक्रॉन' असं लिहिलेलं असेल तर मुलामा जाड आहे, रोज वापरलं तरी बरीच वर्षं टिकतो.