वाचकांचे प्रश्न : वेबसाइटसाठी एसक्यूएल सर्व्हरचं कोणतं एडिशन?

प्रश्न : आमच्या मराठी पुस्तकविक्रीच्या वेबसाइटचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०२२ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या डेव्हलपर एडिशनवर तयार केला आहे. आकार सध्या ३ जीबी. साइट सुरू करताना हेच ठेवावं, की स्टँडर्ड विकत घ्यावं?

उत्तर : डेव्हलपर ठेवता येणार नाही. त्यात एंटरप्राइझ या सर्वांत वरच्या एडिशनच्या सगळ्या सोयी फुकट मिळतात, पण परवाना फक्त प्रोग्रॅमिंग आणि चाचणीपुरता असतो. स्टँडर्डची मात्र घाई नको. कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणन-भागांच्या संख्येवर) परवाना घेतला तर किमान ४ कोअरचे पैसे भरावे लागतात. सर्व्हर आणि कॅल (सर्व्हर वापरण्याचा वेगळा परवाना) हा पर्याय स्वस्त वाटतो, पण मध्ये वेबसाइट असली तरी कॅल प्रत्येक वापरणाऱ्यामागे लागतो. सगळ्यांना खुल्या असलेल्या साइटला तो हिशेब जमतच नाही.

तुम्हाला एक्सप्रेस एडिशन पुरेल. तेही फुकट, आणि चालू साइटवर वापरायची परवानगी आहे. २०२२मध्ये त्याची मर्यादा एका डेटाबेसला १० जीबी (बदलांची नोंद ठेवणारी लॉग फाइल यात धरत नाहीत), डेटा कॅशला (वाचलेला डेटा हाताशी ठेवायला) १४१० एमबी मेमरी आणि जास्तीत जास्त ४ कोअर. १० जीबी भरले की पुस्तकं दिसत राहतात, पण नवी ऑर्डर नोंदवताना ११०५ क्रमांकाची एरर येते. म्हणून मुखपृष्ठांची चित्रं फोल्डरमध्ये ठेवा, डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता. मराठी मजकुरासाठी एनव्हारकॅर हा डेटा टाइपच वापरा : देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात २ बाइट घेतं, यूटीएफ-८ कोलेशनमध्ये (मजकूर साठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीत) ३. जागा वाचवायला म्हणून यूटीएफ-८ निवडाल तर जागा वाढेल. यूटीएफ-८चा फायदा इंग्रजी मजकुराला होतो.

बॅकअप एक्सप्रेसवर हलवण्याआधी डेव्हलपरवर 'सिस.डीएम_डीबी_पर्सिस्टेड_एसकेयू_फीचर्स' हा व्ह्यू (ठराविक एडिशनमध्येच चालणाऱ्या सोयींची यादी) तपासा. तिथे ट्रान्स्परंट डेटा एन्क्रिप्शन (डेटाबेसच्या फाइली सांकेतिक रूपात ठेवणं) दिसलं तर ते आधी काढा, नाहीतर एक्सप्रेसवर रिस्टोअर शेवटपर्यंत जातो आणि डेटाबेस सुरूच होत नाही.

एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा भाग) नाही, त्यामुळे रोजचा बॅकअप आपोआप होणार नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी या कमांड-लाइन साधनाची कमांड लावा आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. एक्सप्रेसवरच नवा डेटाबेस तयार केलात तर 'ऑटो क्लोज' (वापर नसताना डेटाबेस आपोआप बंद करणारी सेटिंग) बंद करा. ते चालू असेल तर साइट काही वेळ रिकामी राहिल्यावर पहिलं पान उघडायला उशीर होतो.

आकार ७ जीबीवर गेला की स्टँडर्डचा विचार सुरू करा. सेटअपमधल्या 'एडिशन अपग्रेड'ने डेटा न हलवता बदल होतो. उलट, स्टँडर्डवरून एक्सप्रेसवर यायचं तर एक्सप्रेस वेगळं इन्स्टॉल करून बॅकअप रिस्टोअर करावा लागतो.